एका सालीवर उभी असलेली किनारपट्टी

तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर यूडीकोलनच्या घड्या ठेवण्याची रीत मराठी घरांत दोन-तीन पिढ्या तरी चालली. औषधांच्या फडताळात ती बाटली असायची. झाकण उघडले की लिंबासारखा, पण लिंबाहून मऊ आणि किंचित फुलांकडे झुकणारा वास खोलीभर पसरायचा. आजारपणाशी त्या वासाचे नाते इतके घट्ट जुळले होते, की तो कुठल्या झाडाचा हे विचारावेसे कुणाला वाटले नाही. यूडीकोलनच्या मूळ कृतीत त्या वासाचा मोठा वाटा बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीतून येई, आणि जगातले बहुतेक बर्गमॉट दक्षिण इटलीतल्या कालाब्रिया प्रांताच्या एका चिंचोळ्या किनाऱ्यावर पिकते. त्या किनाऱ्याची, त्या तेलाची आणि त्यावर पोट असलेल्या माणसांची ओळख मराठीत करून देणारे हे पुस्तक आहे.

बर्गमॉट लिंबू-संत्र्याच्या कुळातले. जनुकीय अभ्यासानुसार कडू नारिंग आणि लेमन यांच्या संकरातून ते आले असावे. फळ साधारण मोसंबीएवढे, क्वचित देठाकडे निमुळते. नोव्हेंबरात ते गर्द हिरवे असते आणि हिवाळा सरता सरता पिवळे पडत जाते. रस आंबट आणि वर कडू, त्यामुळे संत्र्यासारखे सोलून कुणी खात नाही. त्याची बहुतेक किंमत सालीत. सालीवर टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य पिशव्या असतात. नखाने दाबले की त्या फुटतात आणि बोटांवर हिरवट तेलाचा बारीक फवारा येतो. एक किलो तेलासाठी सुमारे २०० किलो फळ लागते. बागांचे क्षेत्र १,५०० हेक्टरांच्या आसपास आणि वर्षाचे तेल शंभर टनांच्या घरात. जगाच्या व्यापारात हा आकडा क्षुल्लक, पण हे तेल काढून घेतले तर अत्तरांच्या दुकानातली निम्मी कपाटे वेगळी वासतील.

जागा कोणती, हे नीट समजून घ्यायला हवे. इटलीच्या बुटाच्या अगदी टोकाशी रेज्जो कालाब्रिया हे शहर आहे. समोर मेस्सिनाची सामुद्रधुनी आणि तिच्यापलीकडे सिसिली. शहराच्या उत्तरेला व्हिल्ला सान जोव्हान्नीपासून सुरू होऊन बागांची ही पट्टी दक्षिणेला वळसा घालते आणि आयोनियन समुद्राच्या बाजूने मेलितो दी पोर्तो साल्व्हो, कोंदोफुरी, बोव्हा मरीना, ब्रांकालेओने अशी पुढे सरकते. पाठीशी आस्प्रोमोंतेचा डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतो. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांना तिथे ‘फिउमारा’ म्हणतात. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात नुसते पांढरे गोटे दिसतात आणि हिवाळी पावसात तेच पात्र गावे वाहून नेते. या नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीत, कडू नारिंगाच्या खुंटावर कलम बांधून बर्गमॉट लावतात. फेम्मिनेल्लो, कास्तान्यारो आणि फान्तास्तिको या तिथल्या मुख्य जाती. आयव्हरी कोस्टमध्येही याची लागवड आहे, आणखी काही देशांतही थोडीफार आहे. झाड तिथे जगते, फळही धरते. पण अत्तरवाल्यांच्या नाकाला मोजमापाचा दंडक म्हणून रेज्जोचेच तेल चालते.

इतकी एकवटलेली शेती म्हणजे मक्तेदारी, आणि मक्तेदारी म्हणजे सुबत्ता, असे वाटणे साहजिक आहे. कालाब्रियात मात्र तसे घडले नाही. जगात दुसरीकडे क्वचित मिळणारी वस्तू हाती असूनही हा भाग इटलीतल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक राहिला, आणि इथल्या माणसांनी बोटी भरभरून अमेरिका, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया गाठली. असे का झाले, हा या पुस्तकाचा कणा असलेला प्रश्न. त्याचे उत्तर दोन धाग्यांत सापडते. तेलाची किंमत नेहमी दुसऱ्या कुणीतरी, दूरच्या शहरात ठरवली हा एक धागा. तेल अस्सल आहे याची खात्री देणारी व्यवस्था जेव्हा जेव्हा ढासळली, तेव्हा तेव्हा बागायतदार बुडाला, हा दुसरा.

फळाचा उगम धूसर आहे. न्युरेंबर्गचा व्यापारी योहान क्रिस्टोफ फोल्कामर याने अठराव्या शतकाच्या आरंभी लिंबूवर्गीय फळांवर चित्रमय ग्रंथ काढला, त्यात बर्गमॉटचे चित्र आहे. म्हणजे तोवर हे झाड युरोपच्या हौशी बागांत पोचले होते. त्याच सुमारास उत्तर इटलीतल्या सांता मारिया माज्जोरे गावातून कोलोन शहरात आलेल्या योहान मारिया फरिनाने एक सुगंधी पाणी बनवले आणि त्या पाण्याला आपल्या नव्या शहराचे नाव दिले; यूडीकोलन ते हेच. तोवरची अत्तरे कस्तुरी आणि अंबराच्या जड वासाची होती. फरिनाचे पाणी हलके, लिंबूवर्गीय तेलांनी भरलेले, अंगावर शिंपडले की उडून जाणारे. दरबारांना ते आवडले. मागणी जन्मली जर्मनीत आणि फ्रान्समध्ये. माल द्यायचा होता दक्षिणेने.

रेज्जोची परंपरा सांगते की पहिली सलग बाग १७५० मध्ये निकोला पारिसी यांनी लावली. त्यानंतर किनाऱ्यावरची तुती, वेली आणि भाजीपाला हळूहळू मागे हटत गेला. तेल काढण्याची तेव्हाची रीत हाताची. फळ कापून गर वेगळा करायचा, सालीची वाटी मातीच्या भांड्यावर आडव्या दांड्याला बसवलेल्या स्पंजावर ठेवायची आणि मनगटाच्या एका ठरावीक पिळाने दाबायची. तेल आणि पाणी स्पंजात मुरे, स्पंज भांड्यात पिळला जाई आणि थोड्या वेळाने तेल वर तरंगे. वेळ अफाट लागे आणि हातही सराईत लागत. पण उष्णतेचा स्पर्श नसल्याने तेलाचा वास जसाच्या तसा उतरे. ऊर्ध्वपातनाने काढलेले बर्गमॉट तेल त्यापुढे फिके पडते, आणि म्हणूनच आजही हे तेल थंड पद्धतीनेच काढतात.

१८४४ मध्ये रेज्जोच्या निकोला बारिल्लाने बनवलेल्या यंत्राने हे चित्र बदलले. काटेरी, खोलगट अशा दोन ताटांमध्ये फळे ठेवायची आणि हाताने चाक फिरवायचे. फळे गरगरत, साल खरवडली जाई आणि तेल खालच्या भांड्यात गळे. ‘माक्किना कालाब्रेझे’, म्हणजे कालाब्रियाचे यंत्र, याच नावाने ते ओळखले जाते आणि रेज्जोच्या बर्गमॉट संग्रहालयात पाहायला मिळते. हा शोध बाहेरून आलेला नव्हता. ज्या प्रदेशाला इटलीच्या उत्तरेकडचे लोक मागास म्हणत आले, तिथल्याच माणसाने आपल्या पिकासाठी तो लावला. दक्षिण इटलीविषयीच्या लेखनात ही गोष्ट जितकी ठळक यायला हवी तितकी येत नाही.

यंत्रामुळे तेल वाढले, पण पैसा ज्याच्या हाती होता त्याच्याच हाती राहिला. जमीन बड्या मालकांची, झाडे राखणारी कुळे वाट्याने राबणारी, कारखाना तिसऱ्याचा आणि आतून कल्हई केलेल्या तांब्याच्या डब्यांत तेल भरून ते मेस्सिनाच्या बंदरातून पाठवणारा व्यापारी चौथाच. कुळाला हंगामाआधी उचल घ्यावी लागे आणि उचल घेतली की भावाविषयी बोलायला तोंड उरत नसे. याच साखळीत भेसळ शिरली. कधी टर्पेंटाइन, कधी लेमन किंवा संत्र्याचे स्वस्त तेल. ती कोण करे याची उत्तरे वेगवेगळी मिळतात, पण तिची किंमत शेवटी बागेत चुकवली जाई, कारण परदेशी खरेदीदार संशयापोटी सगळ्याच मालाचा भाव पाडी. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. परप्रांतातला आंबा देवगडच्या पेटीत भरला जातो, तेव्हा अस्सल हापूसवाल्याला स्वतःच्याच मालाची साक्ष द्यावी लागते.

२८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे भूकंप झाला. मेस्सिना आणि रेज्जो काही सेकंदांत कोसळली, पाठोपाठ समुद्र आत आला आणि मृतांची संख्या एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरली जाते. व्यापाराची पेढी, बंदर आणि कारखाना एकाच वेळी गेले. या विध्वंसानंतरच्या उभारणीत दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा या विषयाशी थेट संबंध आहे. १९१० मध्ये दक्षिणेच्या हितासाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी काम करणाऱ्या उंबेर्तो झानोत्ती-बियान्को यांनी पुढे आस्प्रोमोंतेतल्या आफ्रिको गावाची जी पाहणी केली, ती दक्षिणेच्या दारिद्र्याचा अस्सल दस्तऐवज आहे. आणि १९१८ मध्ये रेज्जोत सुगंधी तेले व लिंबूवर्गीय उत्पादनांसाठी प्रायोगिक केंद्र उभे राहिले. तेलाची घनता, प्रकाश वळवण्याचे प्रमाण, एस्टरचे प्रमाण असे आकडे बांधून देऊन ‘अस्सल’ या शब्दाला मोजता येईल असा अर्थ या केंद्राने दिला.

तेवढ्यात दुसरा आघात झाला, तोही प्रयोगशाळेतून. बर्गमॉटचा रस फेकला जात नसे. लेमनप्रमाणे त्याच्यापासून सायट्रिक आम्लाचा कच्चा माल होई आणि गरीब वर्षांत तेवढाच आधार. अमेरिकेत जेम्स करी यांनी १९१७ मध्ये बुरशीच्या साहाय्याने साखरेपासून सायट्रिक आम्ल किफायतशीरपणे बनवता येते हे दाखवले आणि दोन वर्षांत फायझर कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. सिसिली आणि कालाब्रियाच्या फळांवर उभा असलेला हा धंदा दशकभरात संपला. रसाला किंमत उरली नाही आणि सगळा भार पुन्हा सालीवर आला.

फॅसिस्ट राजवटीत, १९३६ मध्ये, बर्गमॉट संघ स्थापन झाला. तेल एकत्र गोळा करणे, तपासणे आणि विकणे हे त्याचे काम. त्याच सुमारास, ऑगस्ट १९३५ ते मार्च १९३६, सरकारने लेखक चेझारे पावेझे याला ब्रांकालेओनेत स्थानबद्ध करून ठेवले होते. रोमला नको असलेल्या माणसाला पाठवून द्यायची जागा म्हणजे हा किनारा, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. पॅरिसच्या अत्तरबाजाराला मात्र याच किनाऱ्यावाचून चालत नव्हते. फ्रांस्वा कोटीच्या १९१७ च्या ‘शिप्र’ने बर्गमॉट, ओकच्या झाडावरचे दगडफूल आणि लाबदानम नावाची राळ यांची अशी जुळणी केली, की अत्तरांचा एक संपूर्ण वर्ग त्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९२५ च्या गेर्लांच्या ‘शालिमार’मध्ये व्हॅनिलाच्या गोडीवर बर्गमॉटचा भरपूर शिडकावा आहे. ते नाव मोगल बागेवरून आलेले, आणि बाटलीतला पहिला श्वास मात्र रेज्जोचा.

बर्गमॉट अत्तरात नेमके काय करते? ते प्रथम उडते, नाकाला जागे करते आणि मागच्या जड वासांना एकत्र बांधते. लिनालिल ॲसिटेट, लिनालूल आणि लिमोनीन हे त्याचे मुख्य घटक. ओळखीच्या लिंबूवासात लिनालूल फुलांची मऊ छटा आणते आणि लिनालिल ॲसिटेट लव्हेंडरची. हिरव्या फळांच्या तेलात लिनालूल जास्त, फळ पिकत जाते तशी लिनालिल ॲसिटेटची बाजू वाढते, म्हणून अनुभवी खरेदीदार डिसेंबरचे आणि फेब्रुवारीचे तेल वेगळे ओळखतो. चहाच्या बाबतीतही हेच तेल. अर्ल ग्रे चहाच्या जन्माच्या दरबारी कथा प्रसिद्ध आहेत आणि त्यांना आधार नाही. जुन्या इंग्रजी नोंदींत बर्गमॉट आढळते ते हलक्या चहाला भारी भासवण्याची युक्ती म्हणून; १८३७ मध्ये त्यावरून लंडनमध्ये खटलाही झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिनालूल कारखान्यात तयार होऊ लागले. जीवनसत्त्वांच्या निर्मितीत ते मधल्या टप्प्यावर लागते, त्यामुळे रासायनिक उद्योगाने ते टनावारी बनवले आणि त्यापासून लिनालिल ॲसिटेटही स्वस्त झाले. भेसळीला आता टर्पेंटाइनसारखा ओबडधोबड माल नको होता. तेलातलाच घटक बाहेरून घालता येत होता आणि जुने आकडे त्याला पकडू शकत नव्हते. भाव कोसळला. १९६० आणि ७० च्या दशकांत कितीतरी बागा तुटल्या आणि रेज्जोच्या कडेच्या बागांवर घरे उभी राहिली.

शिवाय त्वचेचा प्रश्न होता. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो. तेल अंगावर असताना ऊन लागले, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे तपकिरी डाग राहतात. कोलोन लावणाऱ्यांच्या मानेवरचे, लोंबत्या लोलकासारखे हे डाग वैद्यकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदले गेले. १९९५ मध्ये युरोपीय नियमांनी उन्हात लावायच्या प्रसाधनांतून अशा पदार्थांना जवळजवळ हद्दपार केले. बर्गाप्टेन काढून टाकलेले तेल आता सर्रास मिळते. याच रासायनिक कुटुंबातला सोरालेन आपल्याकडच्या बावचीत असतो. कोडावर बावचीचा लेप लावून ऊन देण्याचा आयुर्वेदातला उपचार त्याच गुणावर चालतो. एका ठिकाणी जो दोष ठरला तो दुसरीकडे औषध, आणि दोन्हीकडे मात्रेचे भान सुटले तर इजा तीच.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांच्या ढोबळ मानाने तीन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींशी फार कमी बोलतात, ही खंत इथे नोंदवायला हवी. पहिली रसायनाची. तिची सुरुवात रेज्जोच्या केंद्रात झाली आणि मेस्सिना विद्यापीठात ती बहरली. जोव्हान्नी दुगो, लुईजी मोंदेल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाचे घटक अक्षरशः रेणूच्या वळणापर्यंत तपासले. लिनालूलची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे असतात. झाड त्यातले जवळजवळ एकच बनवते, कारखान्यातले स्वस्त लिनालूल दोन्हींचे मिश्रण असते. दोन रूपे वेगळी करणारे उपकरण हाती आले आणि भेसळ लपणे अवघड झाले. बागायतदाराच्या दृष्टीने पाहिले तर विसाव्या शतकाच्या अखेरचा हा सर्वांत मोठा उपकार.

दुसरी परंपरा इतिहास आणि समाजाच्या अभ्यासकांची, इटलीत जिला ‘दक्षिणेचा प्रश्न’ म्हणतात त्या मोठ्या वादातून आलेली. तिला जमीनधारणा, कुळे, स्थलांतर आणि गुन्हेगारी दिसते. फळ बहुधा दिसत नाही. कोर्रादो अल्व्हारोने १९३० मध्ये आस्प्रोमोंतेच्या धनगरांची कथा लिहिली, तीत डोंगर आहे, पण डोंगराखालचा सुगंधी किनारा जवळजवळ नाही. तिसरी परंपरा सुगंध आणि स्वादाच्या जाणकारांची. तिला अत्तरकाराचे नाव माहीत असते आणि झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचे नसते. या पुस्तकाची योजना तिन्ही टोके एका जागी आणण्यासाठी झाली.

झाडाखालची माणसे कोण? किनाऱ्यामागच्या डोंगरात बोव्हा, गाल्लिचानो, रोगूदी अशी गावे आहेत, जिथल्या माणसांपैकी काहींच्या तोंडी ग्रीकची एक जुनी बोली अजून जिवंत आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरांनी जुने रोगूदी ओस पाडले आणि तिथली माणसे खाली समुद्राकाठी वसवली गेली. डोंगरातून उतरलेल्या अशा कुटुंबांना हंगामी काम देणाऱ्या शेतीत बर्गमॉट होते आणि चमेलीही होती. चमेलीच्या फुलांची तोडणी बायका करत, तीही रात्री, कारण पहाट झाली की वास उडू लागतो. एक किलो भरायला हजारो फुले. या बायकांनी मजुरीसाठी केलेले लढे तिथल्या स्मरणात आहेत, सुगंधाच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र त्यांना ओळभर जागा मिळते. चमेली त्या किनाऱ्यावरून जवळजवळ गेली, बर्गमॉट टिकले.

मजुरीचा प्रश्न मागे पडला असे समजू नये. जानेवारी २०१० मध्ये याच प्रांतातल्या रोसार्नो गावी संत्र्यांच्या बागांत राबणाऱ्या आफ्रिकी मजुरांवर हल्ले झाले, दंगल उसळली आणि शेकडो मजुरांना गाव सोडावे लागले. तो भाग डोंगराच्या पलीकडचा आणि पीक वेगळे, पण लिंबूवर्गीय फळांची तोडणी कोणाच्या पाठीवर होते आणि त्याला काय मिळते, हा प्रश्न सगळ्या कालाब्रियाचा आहे. ‘नैसर्गिक’ आणि ‘अस्सल’ हे शब्द बाटलीवर छापणाऱ्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे.

२००० मध्ये इटलीने बर्गमॉटच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००१ मध्ये युरोपीय संघाने ‘बर्गामोत्तो दी रेज्जो कालाब्रिया’ या तेलाला उगमाचे संरक्षित मानांकन दिले. फळ त्याच पट्टीत पिकलेले हवे, तेल तिथेच काढलेले हवे आणि तपासणीतून उतरलेले हवे. याच्या जोडीला बागायतदारांची संघटना उभी राहिली. १८८० पासून या धंद्यात असलेल्या कापुआ घराण्यासारखे जुने उत्पादकही मोठ्या खरेदीदारांशी थेट, अनेक वर्षांचे करार करू लागले. अत्तर कंपन्यांनाही उगमाची गोष्ट सांगायची गरज भासू लागली होती. जाहिरातीत रेज्जोचे नाव येऊ लागले. सोडून दिलेल्या जमिनींवर पुन्हा कलमे उभी राहिली. भौगोलिक मानांकन हा निव्वळ कागद नाही हे इथे दिसते. त्याच्यामागे प्रयोगशाळा, संघटना आणि करार असे तिन्ही उभे असतील तर तो कागद चालतो, आणि आपल्याकडच्या कित्येक मानांकनांना नेमके यांतलेच काहीतरी कमी पडते.

मराठी वाचकाला या धंद्याचे दुसरे टोक घराजवळ सापडेल. सुगंधी रसायने आणि मिश्रणे बनवण्याचा उद्योग मुंबईत शंभर वर्षांहून जुना आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ ची. साबण, पावडर, उदबत्ती, केसांचे तेल यांना लागणारा वास अशाच कारखान्यांत रचला जातो. स्वस्त साबणाला खरे बर्गमॉट परवडत नाही, तिथे कारखान्यातले लिनालिल ॲसिटेट काम करते. त्यात फसवणूक नाही, कारण तसा दावा कुणी करत नाही. फसवणूक सुरू होते ती ‘शुद्ध बर्गमॉट तेल’ अशी चिठ्ठी लावून इवल्याशा बाटलीत काहीही विकले जाते तेव्हा. अरोमाथेरपीच्या नावाने अशा बाटल्यांचा जो सुकाळ झाला आहे, त्यासाठी या पुस्तकातले शुद्धतेच्या तपासणीवरचे प्रकरण प्रत्येक ग्राहकाने वाचावे.

पुस्तकाने आपली मर्यादा आधीच आखून घेतली आहे. हे लागवडीचे मार्गदर्शक नाही, आणि कोकणात किंवा विदर्भात बर्गमॉट लावा असा सल्ला यात कुठेही नाही. औषधी गुणांच्या बाबतीतही हात राखूनच लिहिले आहे. २००९ मध्ये कालाब्रिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या फळात दोन घटक ओळखले, ब्रुतिएरिदिन आणि मेलितिदिन. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या रचनेशी त्यांचे साम्य आहे, आणि त्यानंतर रसाच्या अर्काच्या गोळ्यांचा बाजार फुलला. माणसांवरचे प्रयोग अजून लहान आहेत. डॉक्टरने दिलेली गोळी बंद करून हा रस घ्यावा असे त्यातून मुळीच निघत नाही.

पण या संशोधनाने बागेचे अर्थकारण बदलले, आणि पुस्तकाचा शेवटचा भाग तिथे पोचतो. शंभर वर्षांपूर्वी किंमत गमावलेला रस पुन्हा विकला जाऊ लागला, ताजे फळ उत्तर इटलीच्या बाजारात दिसू लागले. तेल कारखान्याने दिलेला भाव पटला नाही तर बागायतदाराला आता दुसरे दार आहे. त्यातूनच नवा वाद निघाला. तेलाला मानांकन आहे, फळाला कोणते द्यावे? उगमाचे कडक संरक्षण, की थोडी सैल, मोठ्या क्षेत्राला सामावणारी भौगोलिक ओळख? बागायतदारांचे गट यावर समोरासमोर उभे ठाकले. दुसरीकडे पाणी कमी होत चालले आहे. ऑगस्ट २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत आस्प्रोमोंतेची जंगले जळाली, आणि ज्या डोंगराच्या आसऱ्याने व पाण्याने ही पट्टी पिकते तोच उघडा पडू लागला. सिंचनाची वाटणी, फळाचे मानांकन आणि तोडणीची मजुरी या तीन गोष्टींवर पुढच्या काही हंगामांत जे ठरेल, त्यावरून रेज्जोच्या तरुणांपैकी किती जण कलमे बांधायला थांबतील हे कळेल. लेखकांनी तिन्ही बाजूंची कैफियत मांडली आहे आणि आपला कौल बागायतदार व मजूर यांच्या वाट्याच्या बाजूने आहे हे लपवलेले नाही.